चारदा वेळेवर, पाचव्यांदा नाही: एचएलएक्स-१ आणि सोलापुरातला एक प्रकल्प

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आमच्याकडे प्रकल्प असतो. बहुतेक मुलं सौर पॅनेल नाहीतर सेन्सरचं एखादं सर्किट घेतात, फेब्रुवारीत सुटे भाग जमवतात आणि मार्चमध्ये तोंडीला उभी राहतात. त्या वर्षी एक मुलगी कागदावर एकच ओळ लिहून आली: मध्यम वस्तुमानाच्या कृष्णविवरांचे क्ष-किरण उद्रेक. वडिलांचे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चार यंत्रमाग, घरात तेलुगू, कॉलेजात मराठी, पुस्तकं इंग्रजी. मी विचारलं, "हे कुठनं काढलंस?"

"यूट्यूबवर बघितलं सर. पण त्यात वजन कसं काढलं ते कुणीच सांगंना."

तिच्या या तक्रारीमुळे मी प्रकल्प घेतला. पुढचे पाच महिने कसे गेले, कुठे चुकलो आणि काय हाती लागलं, ते इथे मांडतो. मुलीचं आणि कॉलेजचं नाव देत नाही.

थोडी पार्श्वभूमी. कृष्णविवरांच्या दोन जाती आपल्याला चांगल्या ठाऊक आहेत. मोठा तारा संपल्यावर उरणारी, सूर्याच्या पाच-दहा ते काही दसपट वजनाची. आणि दीर्घिकांच्या मध्यात बसलेली अवाढव्य. आपल्या आकाशगंगेतलं धनू राशीतलं कृष्णविवर सुमारे ४३ लाख सूर्यांचं आहे. मधल्या वजनाची, म्हणजे शंभर ते लाखभर सूर्यांची, असायला हवीत. नाहीतर लहानांची मोठी झाली कशी? पण ती सापडायला फार कठीण. २०१९ साली गुरुत्वीय लहरींतून दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणाचा संकेत मिळाला आणि त्यातून सुमारे १४२ सूर्यांचं एक तयार झालं, असा भक्कम पुरावा खालच्या टोकाला आहे. वरच्या टोकाला जे उमेदवार आहेत, त्यांच्या नावाआधी 'संभाव्य' हा शब्द चिकटलेलाच असतो. आमच्या प्रकल्पात या 'संभाव्य'शीच झटापट झाली.

तिची पहिली निवड वेगळी होती. एनजीसी ४६३६ आणि एनजीसी ५१२८ या दीर्घिकांजवळच्या दाट तारकागुच्छांत असे स्रोत आहेत की ते एका मिनिटाच्या आत शंभरपटीच्या आसपास भडकतात आणि तासाभरात विझतात. चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीच्या जुन्या नोंदी चाळून २०१६ साली ते जाहीर झालं. विषय झकास, पण त्यासाठी एकेका फोटॉनची (प्रकाशकणाची) नोंद असलेल्या फायली उतरवायच्या आणि लिनक्सवरचं सॉफ्टवेअर चालवायचं. आमच्या प्रयोगशाळेतले संगणक विंडोजचं अपडेट घेतानाच धापा टाकतात. तो नाद सोडला.

मग मी तिला एचएलएक्स-१ दिला: दूरच्या एका दीर्घिकेतला अतिप्रखर क्ष-किरण स्रोत, मध्यम कृष्णविवराचा उमेदवार.

वस्तू कोणती

ईएसओ २४३-४९ ही फिनिक्स तारकासमूहातली, आपल्याला कडेवरून दिसणारी दीर्घिका. अंतर सुमारे २९ कोटी प्रकाशवर्षे. याला खगोलवाले 'जवळची दीर्घिका' म्हणतात. सोलापूरकर तुळजापूरला "हे काय, इथंच" म्हणतो त्यातला प्रकार. २३ नोव्हेंबर २००४ रोजी युरोपच्या एक्सएमएम-न्यूटन दुर्बिणीच्या चित्रात या दीर्घिकेवर एक ठळक ठिपका उमटला. मध्यावर नाही, मध्यापासून आठ विकलांवर (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग), म्हणजे दहा-अकरा हजार प्रकाशवर्षे बाजूला. हाच एचएलएक्स-१. तो यादीत तसाच पडून होता आणि २००९ साली 'नेचर'मध्ये त्यावरचा शोधनिबंध आला. क्ष-किरणांतली कमाल तेजस्विता सेकंदाला १.१ गुणिले १० चा ४२ वा घात अर्ग (अर्ग हे ऊर्जेचं एकक). सूर्य सगळ्या रंगांत मिळून जितकं फेकतो त्याच्या २५ कोटी पटींहून जास्त, आणि तेही दीर्घिकेच्या मध्याबाहेरून.

मधल्या काळात स्विफ्ट ही दुर्बीण आकाशात गेली होती. गंमत म्हणजे त्या ठिपक्याच्या तीनच दिवस आधी, २० नोव्हेंबर २००४ ला. स्विफ्टचं वैशिष्ट्य असं की ती झटकन वळते आणि एकाच जागेकडे वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा डोकावू शकते. २००८ पासून ती एचएलएक्स-१ कडे बघत राहिली. ऑगस्ट २००९ मध्ये स्रोत भडकला, मग महिन्यामहिन्याने मंद होत गेला. ऑगस्ट २०१० मध्ये पुन्हा. ऑगस्ट २०११. ऑगस्ट २०१२.

मी तिला एवढेच आकडे दिले, २०१२ च्या डिसेंबरपर्यंतचे. पुढचे मुद्दाम काढून ठेवले आणि म्हणालो, "पाचवा कधी येईल ते सांग. शोधाशोध करायची नाही."

यामागे माझं जुनं दुखणं आहे. २०१३ च्या जुलैत मी स्वतः वर्गात फळ्यावर लिहिलं होतं: 'ऑगस्ट अखेर, एचएलएक्स-१'. खाली दोन रेघाही ओढल्या होत्या.

आकडे हातात आल्यावर

स्विफ्टचे आकडे सगळ्या जगाला फुकट मिळतात. इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठाच्या संकेतस्थळावर स्रोताचे अक्षांश-रेखांशासारखे सहनिर्देशक भरायचे, थोडं थांबायचं, की तक्ता येतो: वेळ, दर सेकंदाचे फोटॉन, आणि मोजमापातली संभाव्य चूक.

तक्ता बघून ती हिरमुसली. एवढा गाजलेला राक्षस, आणि भर उद्रेकात असताना दुर्बिणीला मिनिटाला एखाद-दोन फोटॉन! शांत असताना तर दोन हजार सेकंदांच्या एका निरीक्षणात कधी एक, कधी दोन, कधी शून्य. मी तिला म्हणालो, या एका गोष्टीवर पूर्ण दिवस घालव. पंचवीस फोटॉन मिळाले तर त्यातली चूक पाचाची, म्हणजे वीस टक्के. चार मिळाले तर दोनाची, म्हणजे निम्मी. ज्या बिंदूची चूक त्याच्या उंचीएवढी आहे त्यावरून 'चढला' किंवा 'उतरला' म्हणायचं नाही.

तरी पहिला आलेख चुकलाच. तिने स्प्रेडशीटमध्ये बिंदू टाकले आणि 'गुळगुळीत रेघ' हा पर्याय निवडला. जिथे पंधरा दिवस निरीक्षणच नव्हतं तिथे संगणकाने स्वतःच्या मनाने एक टेकडी काढली. ती दोन दिवस त्या टेकडीचं कारण शोधत होती. "सर, मधे एक छोटा उद्रेक आहे, कुणी लिहिलेलाच नाही." मी मूळ तक्ता उघडायला लावला. त्या तारखांना काहीच नव्हतं. तिने रेघ पुसली, नुसते बिंदू आणि चूक दाखवणाऱ्या दांड्या ठेवल्या, आणि पुढचे सगळे आलेख आलेखाच्या कागदावर पेन्सिलने काढले. ते बरंच झालं, का ते पुढे येईल.

दुसरी अडचण दुर्बिणीच्या नजरेची. स्विफ्टच्या क्ष-किरण दुर्बिणीत एका बिंदूचा निम्मा प्रकाश सुमारे १८ विकलांच्या वर्तुळात पसरतो, आणि दीर्घिकेचा मध्य तर आठच विकलांवर. म्हणजे दोघांचा प्रकाश मिसळणार. चंद्रा दुर्बिणीच्या बारीक नजरेनं ते वेगळे दिसले आहेत आणि मध्य पुष्कळ मंद आहे, म्हणून उद्रेकाच्या वेळी फरक पडत नाही. शांत काळातल्या बिंदूंवर मात्र भिस्त ठेवायची नाही, हे आम्ही ठरवून टाकलं.

वर्षच का?

आठवड्याभराने ती आली ती तावातावाने. "सर, दर ऑगस्टला यायलंय. एक वर्ष म्हणजे आपलं वर्ष झालं की! तिथल्या कृष्णविवराला आपल्या कॅलेंडरचं काय?"

शाबास म्हणावं असा संशय. निसर्गात काही बरोबर वर्षाने घडताना दिसलं की आधी पृथ्वीवर शंका घ्यावी. दुर्बिणींना सूर्याच्या फार जवळ बघता येत नाही, त्यामुळे काही स्रोत वर्षातले काही महिने दिसतच नाहीत आणि त्या खंडांमुळे खोटा वार्षिक ताल उमटू शकतो. हे आम्ही फळ्यावर तपासलं. स्रोताचा विषुवांश सुमारे १ तास १० मिनिटं, क्रांती उणे ४६ अंश (हे आकाशातले रेखांश-अक्षांश). गोलीय त्रिकोणमितीचं एक सूत्र, लॉगच्या तक्त्याऐवजी मोबाइल, आणि उत्तर आलं की क्रांतिवृत्तापासून, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वाटेपासून, तो दक्षिणेला साधारण ४८ अंश आहे. म्हणजे सूर्य त्याच्या ४८ अंशांपेक्षा जवळ कधीच येत नाही. स्विफ्टची मनाई साधारण ४५ अंशांच्या आसपास. थोडक्यात, हा स्रोत जवळजवळ वर्षभर बघता येतो. शिवाय शांत महिन्यांतही निरीक्षणं होतीच, खंड पडून उद्रेक 'लपला' असं नव्हतं. कॅलेंडरवरचा आळ निघाला.

मग कृष्णविवराभोवती एखादा तारा फिरतो असं धरून तिने केप्लरचा कक्षांचा नियम लावला. पृथ्वीला सूर्याभोवती एक वर्ष लागतं ते एक खगोलीय एकक अंतरावरून. मधलं वजन दहा हजार सूर्यांचं केलं आणि काळ एकच वर्ष ठेवला, तर अंतर दहा हजारांच्या घनमुळाइतकं: २१.५ एकक. युरेनस १९ वर आहे, म्हणजे त्याच्याही थोडं पलीकडे. युरेनसच्या कक्षेएवढ्या वाटेवरून एक तारा वर्षात फेरी मारतो, हे चित्र तिला फारच आवडलं. मलाही २०१३ साली आवडलं होतं.

इथेच मी तिला अडवलं. तारा गोल कक्षेत फिरत असेल आणि तिथून सतत वायू ओतत असेल, तर त्या वायूची कृष्णविवराभोवती फिरणारी तबकडीही जवळजवळ तेवढीच पसरट होणार. इतकी मोठी तबकडी दोन-चार महिन्यांत रिकामी होऊच शकत नाही. वायूला आतपर्यंत झिरपायला फार वेळ लागतो. आणि इथे तर उद्रेक काही दिवसांत चढतो आणि काही महिन्यांत ओसरतो. म्हणजे तबकडी आखूड हवी आणि घड्याळ मात्र वर्षाचं. २०११ साली यावर एक तोडगा सुचवला गेला: ताऱ्याची कक्षा गोल नाही, धूमकेतूसारखी लांबट आहे. वर्षभर तो दूर असतो. जवळच्या टोकाला आला की कृष्णविवर त्याच्या अंगावरचा वायू ओरबाडतं.

ती म्हणाली, "म्हणजे चावीवाला."

आमच्याकडे पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं. चावीवाला येतो, गल्लीच्या तोंडाशी लोखंडी झाकण उचलून चावी फिरवतो आणि पाणी सुटतं. "पण सर, दुसरं पण होऊ शकतं की. टाकी भरली की आपोआप ओसंडली. तिथं चावीवाला लागत नाही."

हा फरक तिने स्वतः काढला आणि मी तो तसाच अहवालात ठेवायला लावला, कारण शोधनिबंधांतले दोन पक्षही हेच आहेत. एक म्हणतो, ताल कक्षेचा, तारा येतो तेव्हा उद्रेक. दुसरा म्हणतो, ताल तबकडीचाच; वायू साठत जातो, तापतो, एका मर्यादेनंतर अस्थिर होतो आणि कोसळतो, जसं आपल्याच आकाशगंगेतल्या लहान कृष्णविवर आणि ताऱ्याच्या जोड्यांमध्ये घडतं. चावीवाला खरा असेल तर वेळ पाळेल. टाकी असेल तर आधी किती साठलं होतं त्यावर पुढची वेळ ठरेल.

अंदाज आणि पन्हा

चार उद्रेकांची अंतरं तीनच. तिन्ही वर्षाच्या आगेमागे. तिने सरासरी काढली, प्रमाण विचलन काढलं, आणि लिहिलं: पाचवा उद्रेक २०१३ च्या ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा मध्य. मी विचारलं, तीन आकड्यांच्या प्रमाण विचलनाला किती किंमत द्यायची? तिने खांदे उडवले. प्रामाणिक उत्तर.

त्या शनिवारी ती वडिलांना घेऊन आली, फीच्या कामासाठी. आलेखाचे चार कागद टेबलावर एकाखाली एक पसरले होते. ते गृहस्थ वाकून बघत राहिले. त्यांना क्ष-किरण वगैरे काही माहीत नव्हतं, पण आयुष्य मागावर गेलेलं. कापड समोर आलं की हात आपसूक कडेवर जातो. बोटाने एकेका टेकडीची रुंदी मोजत ते म्हणाले, "सर, उंची ठीक आहे. पण पन्हा कमी कमी व्हायलाय की."

पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. आणि बरोबर होतं ते. २००९ चा उद्रेक सगळ्यात रुंद. २०१० चा त्याहून अरुंद. पुढचे अजून आखूड. आम्ही दोघे महिनाभर टेकड्यांच्या सुरुवातीच्या तारखा मोजत होतो आणि टेकड्यांचा आकार बदलतोय याकडे लक्षच नव्हतं. आलेख पेन्सिलने कागदावर होते म्हणून ते चारही डोळ्यांसमोर एकत्र आले. संगणकावर एकेक उघडला असता तर माझ्याही नजरेला पडलं नसतं. मग तिने चौकोन मोजून प्रत्येक टेकडीखालचं क्षेत्रफळ काढलं. दर खेपेला बाहेर पडणारी एकूण ऊर्जा घटत होती.

तेव्हाच अंदाज बदलायला हवा होता. जी गोष्ट दरवेळी बदलते आहे तिची वेळ तेवढी पक्की राहील, असं धरायला काय आधार? तिने अंदाज बदलला नाही आणि मीही सुचवलं नाही. माझ्यापुरतं बोलायचं तर उत्तर मला माहीत होतं म्हणून गप्प बसलो. पण २०१३ साली माहीत नव्हतं, आणि तेव्हाही या टेकड्या माझ्यासमोर होत्याच.

दुसऱ्या दिवशी मी उरलेला तक्ता दिला. ऑगस्ट २०१३: शांत. सप्टेंबर: शांत. उद्रेक उगवला ऑक्टोबरच्या सुरुवातीला, महिन्याहून जास्त उशिरा. पुढचा जानेवारी २०१५ मध्ये. त्यापुढचा थेट एप्रिल २०१७ मध्ये. वर्ष, वर्ष, वर्ष, साडेतेरा महिने, पंधरा महिने, सव्वादोन वर्षं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "चावीवाल्याचीच बदली झाली म्हणायची."

उशिराने काय शिकवलं

हसण्यावारी न नेता तिने ते गणितात घातलं, आणि प्रकल्पातलं मला सगळ्यात आवडलेलं पान हे. समजा चावीवाला आहे, म्हणजे तारा लांबट कक्षेत आहे. कक्षेचा काळ मोठ्या अक्षाच्या दीड घाताने वाढतो आणि बांधणी ऊर्जा (तारा किती घट्ट पकडला आहे त्याचं माप) अक्षाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे बांधणी दहा टक्क्यांनी सैल झाली की काळ सतरा टक्क्यांनी वाढतो: बारा महिन्यांचे चौदा. सव्वादोन वर्षांचं अंतर कक्षेमुळे आलं असेल तर ताऱ्याची बांधणी मुळाच्या साठ टक्क्यांच्याही खाली आली. तारा कृष्णविवराच्या हातातून निसटत चाललाय.

२०१३ च्या उशिरानंतर संशोधकांनीही साधारण हेच मांडलं: तारा नुकताच पकडला गेला असावा, कक्षा अतिशय लांबट असावी, आणि जवळून जाताना दरवेळी भरती-ओहोटीच्या ओढीमुळे तिच्यात कमी-जास्त होत असावं. अशा सैल कक्षेत छोटासा धक्काही पुढच्या खेपेची वेळ पार बदलतो. म्हणून पहिल्या तीन अंतरांचा नेमकेपणाच उलट नवलाचा ठरतो.

टाकीवाल्या पक्षालाही हा उशीर चालतो. माझा कल कक्षेकडे आहे, पण तो कलच. वाहत्या वायूचं गणित इतकं घोळाचं असतं की दोन्ही बाजूंना पळवाटा सापडतात.

आणि वजन?

तिचा मूळ प्रश्न हा होता. सोपी वाट एडिंग्टन मर्यादेची. आत पडणाऱ्या वायूला त्याच्याच उजेडाचा दाब बाहेर ढकलतो. एका सूर्याच्या वजनाला सेकंदाला १.२६ गुणिले १० चा ३८ वा घात अर्ग इतकंच तेज पेलतं. १.१ गुणिले १० चा ४२ वा घात याला भागलं की आले सुमारे ८,७००. तिने लिहिलं, वजन ८,७०० सूर्य, आणि खाली दोन रेघा ओढल्या. रेघा बघून मला माझा फळा आठवला.

मूळ शोधनिबंध तिच्याहून सावध होता. मर्यादा काही वेळा ओलांडली जाते, म्हणून दहापटीची सूट देऊन त्यांनी म्हटलं होतं: किमान ५०० सूर्य. २००९ साली ही सूट उदार वाटत होती. मग २०१४ साली एम८२ या दीर्घिकेत धक्का बसला. तिथे दोन प्रखर स्रोत एकमेकांपासून पाच विकलांवर. त्यातला एक्स-१ हा मध्यम कृष्णविवराचा जुना उमेदवार. त्याच वर्षी त्याच्या तेजातल्या चढउतारांच्या लयीवरून सुमारे ४०० सूर्य असं वजन निघालं. आणि शेजारचा एक्स-२, ज्यालाही सगळे कृष्णविवर समजत होते, १.३७ सेकंदाला एकदा ठोके देताना न्यूस्टार दुर्बिणीला दिसला. ठोके देतो तो फिरणारा न्यूट्रॉन तारा, म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा अतिघट्ट गाभा. वजन असेल दीड-दोन सूर्य, आणि तेज मर्यादेच्या शंभरपट! एवढ्यावर थांबलं नाही. एम८२ मधून येणारी साठ-बासष्ट दिवसांची एक लय आधी एक्स-१ च्या कक्षेची मानली जात होती. २०१९ साली ती या न्यूट्रॉन ताऱ्याचीच निघाली. आणि २०१७ साली एनजीसी ५९०७ मधला आणखी एक न्यूट्रॉन तारा मर्यादेच्या शेकडोपट, हजाराच्या घरात, उजळताना सापडला.

हे वाचून तिने गणकयंत्र काढलं. "सर, दहापटीच्या जागी हजारपट धरलं तर ५०० च्या जागी पाच-दहा सूर्यच येतात. मग सगळं गेलंच की!"

तेजाच्या जोरावर उभा केलेला दावा खरंच गेला. 'अमुक दीर्घिकेत कृष्णविवर सापडले' अशा बातम्या बहुधा नुसत्या प्रखरतेवर रचलेल्या असतात, म्हणून मी त्या जपून वाचतो.

एचएलएक्स-१ टिकून आहे तो दुसऱ्या आधारावर, तापमानाच्या. कृष्णविवर जितकं जड, तितकी तबकडीची आतली कड दूर आणि थंड. वजनाच्या चौथ्या मुळाने तापमान उतरतं. दहा सूर्यांच्या कृष्णविवराची तबकडी भर उद्रेकात साधारण एक किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची, म्हणजे एक कोटी अंशांच्या वर. वजन हजारपट वाढवलं की भागिले ५.६, म्हणजे ०.१८. एचएलएक्स-१ चं मोजलेलं तापमान ०.२ च्या आसपास आहे.

इथेही खड्डा आहेच. २००३ साली एनजीसी १३१३ मधल्या स्रोतात अशीच थंड तबकडी दिसली म्हणून मध्यम कृष्णविवराचा दावा झाला होता. २०१६ साली तिथून प्रकाशाच्या पंचमांश वेगाने वारे सुटताना दिसले आणि चित्र बदललं. म्हणून एकाच क्षणाचं तापमान पुरत नाही. एचएलएक्स-१ मध्ये महत्त्वाचं आहे ते उद्रेक ओसरतानाचं वागणं: तेज कमी होताना तापमानही उतरतं, आणि तेज तापमानाच्या चौथ्या घाताने बदलतं, जसं स्थिर कडेच्या तबकडीचं व्हायला हवं. वाऱ्याचा पडदा असता तर हे नातं असं जुळलं नसतं. शिवाय पुरेसा मंद झाला की वर्णपट मऊचा (कमी ऊर्जेच्या किरणांचा) कडक (जास्त ऊर्जेच्या किरणांचा) होतो आणि पुढचा उद्रेक चढला की परत मऊ. २०१० आणि २०११ च्या उद्रेकांत ऑस्ट्रेलियातल्या रेडिओ दुर्बिणींना त्याच सुमारास रेडिओ भडकेही दिसले. आपल्याकडच्या दहा सूर्यांच्या कृष्णविवरांचा दिनक्रम नेमका हाच आहे. याने तो मोठ्या मापावर चालवलाय.

स्रोत खरंच त्या दीर्घिकेतला आहे का, की वाटेतला कुणी उपरा, ही शंका २०१० साली मिटली: चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीने ठिपक्याच्या प्रकाशात हायड्रोजनची रेषा पकडली, आणि तिचं सरकणं दीर्घिकेच्या सेकंदाला ६,७०० किलोमीटरच्या पळण्याशी जुळलं.

वर्णपटांची सविस्तर गणितं वेगवेगळ्या गटांनी केली, आणि वजन काही हजार ते लाखभर सूर्य या पट्ट्यात येतं. वीस हजार हा आकडा बरेचदा भेटतो. तिने ८,७०० खोडलं आणि पट्टा लिहिला.

तोंडी परीक्षा आणि नंतर

बाहेरून आलेले परीक्षक घाईत होते. अहवाल चाळून त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "वजन किती?" तिने पट्टा सांगितला. "एक आकडा सांग." तिने पुन्हा पट्टाच सांगितला आणि का ते बोलायला लागली, तेवढ्यात दुसरा प्रश्न आला: "पुढचा स्फोट कधी?" ती म्हणाली, "२०१७ पर्यंतच्या सहा अंतरांवरून नाही सांगता येत, सर." त्यांनी मान हलवली, कुठल्या अर्थाने ते कळलं नाही, आणि पुढच्या मुलाचं सौर पॅनेल मागवलं. गुण बरे पडले. सर्वोच्च पडले ते पॅनेलला.

आता ती केगावला विद्यापीठात एम.एस्सी. करते. मागच्या डिसेंबरात म्हणाली, सर, ती जागा तरी दाखवा. हिप्परग्याला जाऊन उपयोग नव्हता. तिथून दक्षिणेला बघितलं तर अख्ख्या शहराचा उजेड आडवा येतो. म्हणून विजापूर रोडने शहर मागे टाकून गेलो. ती, तिचे वडील आणि मी. रात्रीचे आठ वाजून गेलेले. सोलापूरहून तो बिंदू मध्यमंडलावर, म्हणजे दक्षिणेला त्याच्या सगळ्यात उंच जागी, आला तरी क्षितिजापासून २६ अंशच वर येतो, हात लांब करून धरलेल्या अडीच मुठी. खाली डावीकडे अग्रनद हा ठळक तारा लुकलुकत होता. तिने वडिलांना मुठी मोजून जागा दाखवली.

ते थोडा वेळ बघत राहिले. "काहीच दिसत नाही की गं."

"नाहीच दिसणार. पण तिथंच आहे."

त्यांनी घड्याळात बघितलं. पहाटे पाण्याची पाळी होती. सांगितलेली वेळ साडेचारची, पण चारलाच उठून बसायला लागतं म्हणाले, आणि आम्ही गाडीकडे वळलो.